आईला न मानवणारी हवा

परमुलखात जाऊन राहण्याचा निर्णय सर्व बाजू तोलून, थोरांचा सल्ला घेऊन आणि घरातल्या प्रत्येकाला विश्वासात घेऊन करायचा असतो, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. गळतीसाहेबांनी तो एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली उकिडवे बसून, फोनवर "हो हो, चालेल की" असे म्हणून करून टाकला. तोलायला सुरुवात त्यानंतर झाली.

गळती हे त्यांचे आडनाव नव्हे. वॉटरप्रूफिंगच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून केस पांढरे केल्यावर माणसाला जे नाव पडायचे ते पडले होते. छतातून पाणी कुठे टपकते हे घरमालकालाही दिसते. ते शिरते कुठून हे शोधणे हे गळतीसाहेबांचे काम. आता त्यांना बोलावणे आले होते ते अशा शहरातून, जिथे पाऊस पडला तर लोक त्याचे फोटो काढतात. चहूकडे वाळवंट आणि मधोमध काचेच्या इमारती.

"तिकडे जाऊन काय अडवणार साहेब? घाम?" ऑफिसातल्या स्टोअरकीपरने विचारले होते.

पण तिथल्या इमारतींच्या डोक्यावर पोहण्याचे तलाव होते आणि छताच्या पोटातून थंड पाण्याचे पाइप फिरवलेले होते. ते पाझरत. पगार चांगला होता, घर कंपनीचे होते, आणि मुलगी शिकायला बाहेरगावी असल्यामुळे जायचा प्रश्न उरला होता तीनच माणसांचा. म्हणजे गळतीसाहेब, त्यांची बायको आणि आई.

"उन्हाळ्यात किती जातं तिकडे?" संध्याकाळच्या चहाला बायकोने विचारले.

"आकड्यावर जाऊ नकोस गं तू. कोरडी हवा असते ती. चिकचिक नाही, घामोळं नाही. कपडे दोरीवर टाकायचा अवकाश, वाळले. घरात एसी, गाडीत एसी, दुकानात एसी. ऊन आपल्याला गाठणार कुठे?"

"थंड पाण्याच्या नळालाही म्हणे कढत पाणी येतं."

"गीझर नको मग. वीज वाचली."

"आणि धुळीची वादळं?"

"खिडकी लावून घ्यायची. इथे डासांसाठी लावतोच की."

बायकोने बिस्किट चहात बुडवले, ते मोडून आत पडले, ती चमच्याने शोधू लागली. "आणि आईंचं काय?"

गळतीसाहेबांचा आवाज लगेच उतरला आणि चेहरा गंभीर झाला. "आईचं मात्र अवघड आहे. अठ्ठेचाळीस अंश म्हणजे काय चेष्टा आहे? गाड्यांच्या काचा तडकतात. पाखरं पडतात वरून टपाटप. या वयात माणूस आतल्या आत सुकत जातो. कळतसुद्धा नाही."

जेवणघर आणि आईची खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती, पडदा होता. पडद्यामागून आधी खोकला आला, मग आवाज आला.

"काय रे, एकाच गावात दोन हवा आहेत का? एक तिची आणि एक माझी?"

बायको कपात हसली. गळतीसाहेबही हसले, कारण न हसणे बरे दिसले नसते.

पण आईने नेमकी जागा दाखवली होती. बायकोसाठी ते त्या शहराचे तापमान उतरवत आणि आईसाठी चढवत. रोज सकाळी दात घासता घासता फोनवर आधी तिथले हवामान पाहत. सत्तेचाळीस दिसले की त्यांचा दिवस बरा जाई. एकदा एकोणचाळीसच दिसले, तेव्हा ते ऑफिसात खाली मान घालून बसले.

"काय झालं साहेब?" स्टोअरकीपरने विचारले.

"ढग आलेत."

स्टोअरकीपरने खिडकीबाहेर पाहिले. लख्ख ऊन पडले होते.

आईवर त्यांचा राग होता असे मुळीच नाही. तिला काही कमी पडू दिले नव्हते. दमट हवेत तिला धाप लागे, आणि या शहरात दुसरी हवा मिळतच नसे. वाफारा देणे, पाठ शेकणे, उशी उंच करणे, हे सगळे ते इतकी वर्षे करत आले होते की नातेवाईक आपल्या मुलांना त्यांचे उदाहरण देत. गळतीसाहेबांना फक्त एक हवे होते. संध्याकाळी घरी येऊन, पायातले बूट काढून, कोणाच्या तरी श्वासाकडे कान न लावता अर्धा तास खुर्चीत बसायचे. मागणी मोठी नव्हती. मोठ्याने बोलून दाखवण्यासारखीही नव्हती. म्हणून ती मनात एकीकडून शिरत होती आणि बाहेर भलतीकडूनच, हवामानाच्या रूपाने, टपकत होती.

बायकोच्या "आईंचं काय?" या प्रश्नाचाही त्यांनी सोयीने अर्थ लावला होता. सासूला बरोबर न्यायचे तिच्या जिवावर आले आहे, बिचारी उघड कशी बोलणार, असा तो अर्थ होता. तिला विचारून खात्री करून घेण्याची त्यांना गरज वाटली नाही. न विचारताच तो इतका चांगला बसत होता.

रविवारी थोरली बहीण आली. ती दोन गल्ल्या सोडून राहत असे आणि दारातूनच बोलत येत असे.

"काय, भाजून घ्यायला निघालात म्हणे? जा जा. आई राहील माझ्याकडे, माझं काही म्हणणं नाही. माझा मधल्या खोलीतला कोच रिकामाच असतो."

"अगं ताई, अजून ठरलं कुठे आहे?" गळतीसाहेब म्हणाले. "आपण सगळ्या बाजूंनी विचार करतोय. आपण गेलो तर आपल्याला काय झेपेल, काय नाही..."

हा 'आपण' त्यांनी महिनाभर फार जपून वापरला होता. आपण गेलो तर. आपल्याला घर मिळेल. आपलं तिकडे कसं होईल. या शब्दाचा मोठा गुण असा की त्यात किती माणसे बसली आहेत हे कोणी मोजत नाही.

"ते ठीक आहे," ताई म्हणाली, "पण एकदा डॉक्टरांना विचारून घे बाबा. उद्या कोणी तोंड उघडायला नको की म्हातारीला टाकून गेला. डॉक्टर नको म्हणाले की प्रश्न मिटला. काय गं आई?"

"मला काय विचारतेस? मी काय डॉक्टर आहे?" आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, कोणाकडेच न बघता, "बॅग तेवढी माळ्यावरून काढून ठेवा माझी. चेन चालते का बघायला हवी."

गळतीसाहेबांनी बॅग काढली. चेन चालत होती.

मंगळवारी सकाळी ते आईला घेऊन डॉक्टरांकडे निघाले. बस रिकामी होती. आईला खिडकी मिळाली, त्यामुळे ती खूश होती आणि चौकशा करत होती. तिकडे बाजार लांब आहे का, शेजार कसा, वर्तमानपत्र मिळते का.

"आणि खिडक्या उघडतात का रे तिकडे?"

"छे गं! उघडल्या तर भट्टीच. आम्ही तर दिवसभर एसीच चालू ठेवणार," गळतीसाहेब म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि बस सिग्नलला थांबली. 'आपण'मध्ये समोरचा बसतो आणि 'आम्ही'तून तो उतरतो, हे व्याकरणाच्या पुस्तकात कुठेतरी लिहिलेले असेल. आयांना पुस्तक लागत नाही. आई खिडकीबाहेर बघत राहिली. सिग्नल हिरवा झाला.

"म्हणजे आपण," गळतीसाहेब म्हणाले. "आपणच चालू ठेवू. आपण सगळे."

"जाड पडदे लावा," आई म्हणाली. "दुहेरी शिवून घ्या. ऊन आत येत नाही."

लावा म्हणाली ती. लावू म्हणाली नाही. महिनाभर सांभाळलेला एवढा मोठा 'आपण', पण तिने तो एका वाक्यात घडी घालून परत केला होता. पुढचे दोन थांबे गळतीसाहेब पुढच्या सीटच्या पाठीवर कोणी काय काय कोरले आहे ते वाचत राहिले.

"आई, आपण असं करू, परत जाऊ या का? डॉक्टरांकडे नंतर कधीतरी..."

"आता निघालोच आहोत तर दाखवून घेऊ," ती म्हणाली. "ताईला शब्द दिलाय."

दवाखान्यात नर्स आईला वाफ द्यायला आतल्या खोलीत घेऊन गेली. गळतीसाहेबांनी डॉक्टरांपुढे वाळवंट मांडले. काही कमी ठेवले नाही. काचा, पाखरे, वादळे, सगळे सांगितले. डॉक्टर ऐकत होते आणि मध्येच मान डोलवत होते, त्यामुळे गळतीसाहेबांना बराच धीर आला.

"कोरडी हवा ना?" डॉक्टर म्हणाले. "अहो, न्या की मग! यांचा निम्मा त्रास या ओलीचा आहे. दुपारचं बाहेर काढू नका, पाणी भरपूर द्या. बाकी उत्तम. खरं सांगू? मी गोळ्या लिहून देतो त्यापेक्षा हे औषध चांगलं आहे. कधी निघताय?"

"बघू," गळतीसाहेब म्हणाले. "अजून ठरतंय."

ते बाहेर आले तेव्हा आई बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. वाफेने चेहरा ओला झाला होता. तिने वर पाहिले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत विचारले.

"नको म्हणाले ना?"

उत्तर तिने स्वतःच तयार करून हातात दिले होते. 'नाही गं, उलट ने म्हणाले' एवढेच म्हणायचे होते, आणि ते शब्द जिभेपर्यंत आलेही होते. गळतीसाहेबांनी तिच्या पायांकडे पाहिले.

"हो," ते म्हणाले. "नको म्हणाले." आणि एवढ्यावर थांबायचे सोडून, चोरी करणारा जसा जास्तच बोलतो तसे पुढे म्हणाले, "हृदयावर ताण येईल म्हणाले. सक्त नको म्हणून सांगितलंय."

"सक्त?"

"सक्त."

"मग काय," आई उठत म्हणाली. "डॉक्टरांपुढे कोणाचं चालतंय. हात दे."

घरी बायकोने ऐकले आणि ती भाजी निवडायची थांबली. "असं कसं म्हणाले? कोरड्या हवेनं तर उलट..."

"डॉक्टर मी आहे का?"

"नाही," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

त्यानंतरचे दिवस आई फोनवर आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत राहिली. "मी तर तयार होते हो. बॅगही काढली होती. डॉक्टरच सक्त नको म्हणाले." प्रत्येक वेळी डॉक्टर थोडे अधिक कडक होत. शेवटी शेवटी ते टेबलावर हात आपटू लागले. शेजारच्या काकूंनी आपले गुडघे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे ठरवले. आणि गळतीसाहेब जवळ उभे असले की आई त्यांच्याकडे वळून विचारी, "होय ना रे?" आणि ते "होय" म्हणत. नातेवाईकांत त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त झाली. किती जीव आहे आईवर, पण नाइलाज.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला ताईकडे पोचवले. वाफाऱ्याचे यंत्र कसे लावायचे ते भाच्याला दोनदा दाखवले. आईने बॅग उघडून लगेच साड्या कपाटात लावायला घेतल्या, जणू ती याच गावाला निघाली होती.

"फोन करीन गं रोज."

"रोज नको," ती म्हणाली. "मलाही कामं असतात."

वाळवंटातल्या विमानतळावर कंपनीचा माणूस न्यायला आला होता. बोलका होता. गाडीत एसी होता, लिफ्टमध्ये होता, जिन्यातही होता. त्याने दार उघडले, दिवे लावले आणि घर विकायला आल्यासारखा एकेक खोली दाखवू लागला. ही बसायची, ही तुमची.

"आणि ही तिसरी. ही मिळवताना फार खटपट झाली हं, वहिनी. तुम्ही फोन केलात, सासूबाई येणार आहेत, दम लागतो, उन्हाची बाजू नको. मग मी हे कोपऱ्यातलं घर अडवूनच ठेवलं. बाथरूममध्ये दांडा बसवून घेतलाय, धरायला. त्या मागून येणार आहेत का?"

"नाही," बायको म्हणाली. "डॉक्टर नको म्हणाले."

"अरेरे," तो माणूस म्हणाला आणि चावी ठेवून गेला.

गळतीसाहेब दारातच उभे होते. खोलीत एक पलंग होता, एक खुर्ची होती. हवा थंड आणि खडखडीत कोरडी होती.

"फोन कधी केलास?"

"तुम्ही आईंना डॉक्टरांकडे घेऊन गेलात ना, त्या दिवशी. बस सुटली तेव्हा."

"बोलली नाहीस ते."

"तुम्ही खूश होऊन याल, मग सांगू म्हटलं." तिने पर्स खांद्यावरून काढली आणि ती कुठे ठेवावी हे तिला पटकन सुचेना. "मग तुम्ही आलात."

सामान वर आले होते. बाहेरच्या खोलीत चालायला जागा राहिली नव्हती.

बॅगा तिसऱ्या खोलीत ठेवल्या.