धोक्याचं आकाश

म्हैसूरजवळच्या बोगादीच्या माळावर त्या मंगळवारी तीळ ठेवायला जागा नव्हती. शहरात महिनाभरासाठी आलेलं विमान रोज सकाळी फेरी मारी. ते घरघरत जवळ आलं तसे नरसिंहस्वामी दंड उगारून गरजले, “अष्टदिक्पालांच्या आणेनं आकाश बांधलंय मी! फीर मागं!”

विमान खरोखर वळलं. लोकांनी लोटांगणं घातली. गेल्या शुक्रवारीही असंच झालं होतं.

सर्वांत पुढे मोहनराव रंगाऱ्याची बायको भानुमती डोळे भरून स्वामींकडे पाहत होती. दहा वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं. मोहनरावाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“शुक्रवारपासून एक मंडल स्वामींच्या सेवेला राहते. अठ्ठेचाळीस दिवस,” घरी जाताना ती म्हणाली.

“अन् घर?”

“अय्यो, सुम्ने, गप्प बसा की! स्वामीगळु आकाश बांधतात. तुम्ही काय बांधलंत? लुगड्यांची गाठोडी!”

बुधवारी मोहनराव लुगडी वाळवायला माळावर गेला, तर विमान सरळ त्याच्या डोक्यावरून निघून गेलं. त्याची नजर चांदमारीच्या टेकडीकडे गेली. काल तिथं लाल निशाण होतं, आज नव्हतं. ती निशाणं त्यानंच रंगवून दिली होती. तो तडक घोडदळातल्या निवृत्त कारकुनाकडे, मालोजीरावांकडे गेला.

म्हाताऱ्यानं छापील नोटीस काढली. “विमानवाल्यांसाठी तीन शब्द आहेत बघ. राजवाड्यावरचं आकाश मनाईचं, तिथं जायचंच नाही. दुसरं निर्बंधाचं, तिथं अटी पाळून जायचं. आणि तुमच्या माळावरचं धोक्याचं. मंगळवारी-शुक्रवारी शिपाई गोळीबार शिकतात, तेव्हा निशाण चढतं. तेवढा वेळ टाळायचं, एरवी वाट मोकळी. नोटीस चावडीवरही लावलीय. स्वामी तिथंच तर उतरलाय, वाचलीच असेल त्यानं!”

गुरुवारी मोहनरावानं चारचौघांत हात जोडले. “स्वामी, आज अडवा.”

“आज आकाशाला उपास असतो, मूढा!”

“माझ्यासाठी एकदा,” भानुमती म्हणाली. “उद्या घर सोडून येतेय मी.”

स्वामींचा नाइलाज झाला. त्यांनी दंड उगारला, घसा बसेपर्यंत ओरडले. विमान त्यांच्या जटांवरून बिनदिक्कत गेलं. मग मोहनरावानं नोटीस मोठ्यानं वाचली. शुक्रवारी उजाडायच्या आत स्वामी पसार झाले होते. टेकडीवर निशाण मात्र चढलं, आणि विमान आपसूक वळलं!

भानुमतीनं बांधलेलं बोचकं सोडलं. “खरं सांगा, सत्यासाठी गेला नव्हतात तुम्ही. जळत होतात.”

“जळत होतो. तू त्याच्याकडे पाहायचीस, ते बघवत नव्हतं.”

“मग मला आधी बोलायचं की! साकु, पुरे आता. मालोजीरावांकडून ते तीन शब्द मलाही नीट शिकायचेत.”

मोहनराव लगेच चपला घालू लागला. मालोजीराव सत्तरीचे होते, तरीही. “चल,” तो म्हणाला, “मीही येतो.”

वाचकहो, मत्सरापोटी का होईना, या रंगाऱ्यानं एक प्रश्न विचारला आणि त्याचं घर वाचलं. तुम्ही मत्सराची वाट पाहू नका. चमत्कार दिसला की बाबाला एक दिवस बाजूला बसवा, आणि तो तरीही घडतो का, ते डोळे उघडे ठेवून पाहा.