सपाट सतरा मिनिटं

कानामेच्या सासऱ्यांनी, म्हणजे तोकुजिरोंनी, अडतीस वर्षं एका लहानशा खासगी रेल्वेची वेळापत्रकं आखली होती. निवृत्त झाल्यावर माणसं बोन्साय वाढवतात, नाहीतर बायकोच्या मागे पिशवी धरून फिरतात. तोकुजिरोंची बायको हयात नव्हती, आणि बोन्साय वेळेवर वाढत नाही अशी त्यांची तक्रार होती. त्यामुळे लेकीने, मिचिरुने, जेवताना सहलीचा विषय काढला, तेव्हा त्यांनी वाडगा खाली ठेवला, हात पुसले आणि विचारलं, "सुटायची वेळ?"

मिचिरुला सातवा महिना होता. प्रवास करायचाच तर या महिन्यात, पुढे नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दुसरं बाळ यायच्या आत एक अख्खा दिवस फुकीचा एकटीचा व्हावा, एवढंच मिचिरुला हवं होतं. फुकी दोन वर्षं चार महिन्यांची. तिचं या जगात एकावरच प्रेम होतं. तीन तासांवरच्या समुद्रकाठच्या थीम पार्कमध्ये पोको नावाचं पाणमांजर पोस्टमनची टोपी घालून पुलावर उभं राहतं आणि लोकांना हात हलवतं, त्याच्यावर. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला असलेल्या कानामेला रजा मिळाली ती एका गुरुवारची.

अडचण अशी होती की पोको दिवसातून दोनदाच येतं, पावणेबाराला आणि चारला. चारपर्यंत थांबलं तर परतीची गाडी जाते. आणि फुकी बारा दहाला झोपते. बाराच्या सुमाराला वगैरे नाही, बारा दहाला. तोंडात घास असला तरी.

"आजोबांवर गेलीय," मिचिरु म्हणाली.

"आजोबा बारा दहाला कधीच झोपले नाहीत," तोकुजिरो म्हणाले. त्यांना हा आरोप वाटला होता.

आठवडाभरात जेवणाच्या टेबलावर चार हात लांब कागद पसरला. आडवी वेळ, उभी ठिकाणं. माणूस चालतो तिथे रेघ तिरपी, थांबतो तिथे सपाट. मिचिरुची रेघ निळी, तिला कुठेच घाईचा चढ नव्हता. सामान उचलणाऱ्या कानामेची काळी. फुकीची लाल, जलद गाडीला देतात तशी. स्वतःची रेघ त्यांनी पेन्सिलीने, मन लावून पाहिल्याशिवाय दिसणार नाही इतकी बारीक काढली होती. कानामेने पहिल्यांदा तो कागद पाहिला तेव्हा हसू दाबायला तो स्वयंपाकघरात गेला. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा खुर्ची ओढून बसला. फुकीचं दूध, तिच्या शू-शीच्या वेळा, मिचिरुच्या पायांना दर पन्नास मिनिटांनी बाक, सगळं एकमेकांना न धडकता सरकत होतं. चार माणसांचा एक दिवस इतका देखणा दिसू शकतो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

फक्त एक जागा त्याला खटकली. अकरा एकवीस ते अकरा अडतीस, चारही रेघा सपाट, आणि पुढे काहीच लिहिलेलं नाही.

"बाबा, इथं काय आहे?"

"काही नाही."

"मग घोड्यांचा गोल पाळणा बसतो की इथं. रांग धरून चौदा मिनिटं. वर तीन उरतात."

"बसतो."

"मग घालू?"

"नको." तोकुजिरो पेन्सिलीला टोक काढायला लागले.

रात्रभर गोल पाळणा कानामेच्या डोक्यात फिरत राहिला. सकाळी त्याने मिचिरुकडे तक्रार नेली.

"तुझे बाबा सतरा मिनिटं फुकट घालवतायत."

"बाबा? शक्यच नाही," मिचिरु म्हणाली. "मी सहा वर्षांची असताना मला असंच नेलं होतं त्यांनी. चार तासांत चौदा पाळणे. मला एकही आठवत नाही बघ. त्यांचं मनगट आठवतं. घड्याळ असलेलं, आणि मला सारखं पुढे ओढणारं."

पलीकडे पेन्सिल तासण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मग तालमी सुरू झाल्या. खऱ्या फुकीला रोज दमवून चालणार नव्हतं, म्हणून तोकुजिरोंनी तिच्या वजनाइतके, अकरा किलो चारशे ग्रॅम तांदूळ पोत्यात भरले, पोत्याला तिची जुनी पिवळी टोपी घातली आणि बाबागाडीत पट्टा लावून बसवलं. रोज सकाळी ते आणि कानामे सुपरमार्केटच्या वाहनतळावर गाडी ढकलत. वळणाला किती सेकंद, चढाला किती. शेजारच्या ओनुकीकाकू पहिल्या दिवशी वाकून गाडीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "शांत आहे हो."

तिसऱ्या दिवशी फुकीने पोत्याला कोमेचान म्हणायला सुरुवात केली. कोमे म्हणजे तांदूळ आणि चान लाडाने लावतात, तेव्हा नावात वावगं काही नव्हतं. पाचव्या दिवशी ती त्याला थोपटायला लागली. बुधवारी संध्याकाळी बॅगा भरून झाल्यावर तिने जाहीर केलं, "कोमेचान येणार."

"कोमेचान घर सांभाळणार," कानामे म्हणाला.

फुकी जमिनीवर आडवी झाली. तिचं रडणं ओनुकीकाकूंपर्यंत गेलं असावं, कारण त्यांच्याकडचा टीव्ही बंद झाला.

तोकुजिरोंनी कागदावर डोळे फिरवले. कोमेचान आली की बाबागाडी तिची, म्हणजे फुकी चालत. लाल रेघ सगळीकडे मंदावणार. त्यांनी खोडरबर घेतलं, चष्मा पुसला, आणि दीड तासात अख्खा दिवस नव्याने आखून पाचवी रेघ काढली, हिरवी. सतरा मिनिटं मात्र तशीच ठेवली.

गुरुवारी अकरा वीसपर्यंत पाचही रेघा कागदाबरहुकूम चालल्या. पुलाकडे सहा मिनिटांची वाट उरली होती. अकरा एकवीसला फुकी थांबली, वाकली, पोत्याचा वास घेतला आणि म्हणाली, "कोमेचानने शी केली."

"नाही केली," कानामे म्हणाला.

"केली."

यावर वाद घालायला त्याच्याकडे पुरावा नव्हता. त्याने घड्याळाकडे पाहिलं. फुकीला तशीच काखोटीला मारावं म्हणून तो पुढे झाला, तर तोकुजिरोंनी त्याच्या बाहीला धरलं. "जाऊ द्या, जावईबापू. सतरा मिनिटं आहेत. बदलून घेऊ."

बाळांच्या खोलीतल्या तरुण सेविकेने पोत्याला लवून नमस्कार केला. "वय किती?"

"सप्टेंबरची कापणी," तोकुजिरो म्हणाले.

"अंगाने छान भरलीय. ओट्यावर बाळाला एकटं ठेवायचं नाही असा नियम आहे आमचा, तेव्हा कुणीतरी अंगावर हात ठेवून उभं राहा."

कानामेने तांदळावर हात ठेवला. फुकीने डायपर उलटा लावला, मग आडवा, मग स्वतःच्या डोक्याला. मिचिरु शेजारच्या स्टुलावर बसली होती. ती मदतीला धावली नाही, घाई केली नाही, फक्त चिकटपट्टी कुठे असते ते दोनदा दाखवलं. तोकुजिरो भिंतीला पाठ टेकून उभे होते. त्यांनी डावी बाही मनगटावरून खाली ओढून घेतली होती. घड्याळ त्यांच्याकडे पाहत असेल, ते घड्याळाकडे पाहत नव्हते.

शेवटी डायपर बसला. फुकीने पोत्याला थोपटलं आणि आईच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "इथं पण कोमेचान?"

"साधारण तसंच," मिचिरु म्हणाली. बोलताना तिला हसू फुटलं.

पुलावर ते पोचले तेव्हा पोको यायला अर्धं मिनिट होतं. तीन आठवडे वाट पाहत असलेली फुकी पोको दिसताक्षणी बाबागाडीमागे लपली आणि तिने कोमेचानला पुढे केलं. पोकोने टोपी काढून तांदळाला अभिवादन केलं, डायपरची एक सैल पट्टी नीट चिकटवली आणि हात हलवला. मग गाडीमागून एक छोटा हात वर आला आणि फलाटावरच्या गार्डसारखा, एकदाच, गंभीरपणे हलला.

बारा दहाला फुकी झोपली. बाबागाडी भरलेली होती. अकरा किलो चारशे ग्रॅम कानामेच्या खांद्यावर, अकरा किलो चारशे ग्रॅम गाडीत. अदलाबदल करावी असं कुणीही सुचवलं नाही.

परतीच्या गाडीत तोकुजिरोंनी कागद मांडीवर पसरला आणि प्रत्यक्षातल्या वेळा लाल शाईने नोंदवल्या. मग टोपी काढली, उभे राहिले आणि मिचिरुसमोर लवले, फलाटावर गाडीला उशीर झाल्यावर रेल्वेवाले लवतात तसे.

"त्या सतरा मिनिटांना साडेसतरा लागली," ते म्हणाले. "अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

कानामे हसणार होता, पण त्याने सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि तो पोत्याचा पट्टा सारखा करायला लागला.

मिचिरुने वडिलांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. घड्याळ असलेल्याच मनगटाला धरलं.

"माफ केलं, बाबा," ती म्हणाली. "चौदा पाळण्यांचं पण."

तोकुजिरोंनी मांडीवरचा कागद उलटा केला. मग त्यांनी पेन्सिल काढली आणि विचारलं, "बाळाची तारीख कुठली दिलीय?"

"बारा तारखेच्या पुढेमागे."

"पुढेमागे," त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं, आणि तिथून एक लांबलचक सपाट रेघ ओढली.