मेलेल्या पंचाची साक्ष

माझ्या उरलेल्या दोन दातांची शपथ, ह्यात एक अक्षर खोटं न्हाय! खोटं निघालं तर हे बी दात पडू द्या.

परंड्याकडच्या आमच्या गावात दुष्काळ सरला अन् सहकारी कारखान्याचा भोंगा वाजला. त्याचं काळं पाणी झिरपत झिरपत आमच्या बौद्धवाड्याच्या विहिरीत उतरलं. वास असा, की वरनं जाणारा कावळा बी नाक धरायचा. चांगुणाची धाकटी लेक हगवणीनं वाळून चिपाड झाली. चांगुणानं अर्ज दिला, तर परंड्याच्या कचेरीतनं उत्तर आलं: पंचनामा झालाय, पाणी चांगलं हाय.

"पंच कोण? मला नक्कल पाहिजे," म्हणत ती परंड्याला गेली. नकलेचा कारकून महालिंगप्पा. आज तिकीट लाव, उद्या साहेब न्हाईत, परवा दप्तर सापडंना! आठव्या खेपेला नक्कल हाती आली. दारातल्या अर्ज लिहिणाऱ्यानं ती वाचून दाखवली, "पंच आबाराव यांनी समक्ष पाणी पिऊन ते गोड असल्याचे सांगितले."

आबाराव तिचा सासरा. दुष्काळातच गेलेला.

चांगुणा तशीच माघारी आत शिरली. "भाऊसाहेब, माझा सासरा मसणातनं पाणी प्यायला उठला व्हय?"

पंचनामा करणारा गावात फिरकलाच नव्हता. दुष्काळी कामावर मजुरांना खायला सुकडी वाटायची, त्या यादीतनं त्यानं पंचांची नावं उचललेली. महालिंगप्पानं तीच यादी काढली.

"हितं तर आबाराव शेवटपर्यंत जित्ता हाय. मेला होता, तर त्याची सुकडी कुणी खाल्ली, बाई?"

सासरा मेल्याचं चांगुणानं कामावरच्या मुकादमाला सांगितलंच नव्हतं. म्हाताऱ्याच्या वाट्याच्या सुकडीवर तर लेकरं जगली. खरं बोलावं तर चोर, गप ऱ्हावं तर पोरगी जाते.

"म्या खाल्ली," ती म्हणाली. "लेकरांनी खाल्ली. लिव्हा, अंगठा देते. पर सासरा मेलाय, ते बी लिव्हा." अन् घरनं आणलेला विहिरीच्या पाण्याचा तांब्या तिनं टेबलावर आदळला. "आता जित्ता पंच पाहिजे. तुमी प्या."

महालिंगप्पानं घोट घेतला. डोळे पांढरे झाले, मिशा गळून कागदावर पडल्या, अन् त्यानं लिहिलं: पाणी पिण्याजोगं न्हाय.

...बरं, दात राखायचेत म्हणून सांगते. तो घोट म्या पदरचा घातलाय. महालिंगप्पानं तांब्याला बोट बी लावलं न्हाय. चोरी तेवढी लिहून घेतली, अंगठा घेतला, अन् तांब्या तसाच भरलेला तिच्या हातात दिला.

घरी पोरगी तहानेली बसली होती. तिनं तांब्या बघून हात पुढं केला.