वाटणीतले दांडे

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी गॅरेजात सगळं नेहमीसारखं होतं, म्हणजे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. काकांनी रेडिओ लावला की बाबा हातोडा हातात घ्यायचे, आणि बाबांचा हातोडा थांबला की काकांचा रेडिओ आणखी मोठा व्हायचा.

आजोबा गेल्यावर गॅरेजची वाटणी झाली होती. मधे भिंत घालण्याइतकी जागा नव्हती, म्हणून फरशीवर पिवळा पट्टा ओढला. पानेसुद्धा वाटले गेले, सम आकड्यांचे थोरल्याला, विषम आकड्यांचे धाकट्याला. दहाचा नट बाबांनी खोलायचा आणि शेजारचा तेराचा तसाच सोडून बिडी ओढत बसायचं, असला सगळा कारभार. त्यांच्यावर हसण्यापलीकडे गल्लीला दुसरी करमणूक लागत नसे.

स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचीही वाटणी झाली. त्याचे आटे पाडलेले दोन दांडे असतात आणि प्रत्येकाला वर-खाली हूकसारखे आकडे. दांडे स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना लावायचे, आकडे वेटोळ्यांत अडकवायचे आणि दोन्ही बाजू आळीपाळीने आवळत न्यायच्या. एकाच दांड्याने स्प्रिंग दबत नाही, वाकते, आणि वाकलेली स्प्रिंग कुणाची सगीसोयरी नसते. हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. पण हक्क तो हक्क, एक दांडा याचा, एक त्याचा. त्यामुळे पुढच्या शॉकअपचं, म्हणजे त्यावरच्या स्प्रिंगचं, काम आलं की गाडी पट्ट्याच्या कुठल्याही बाजूची असो, दुसऱ्याला पट्टा ओलांडावाच लागे. थोरला दोन फेरे देई, थांबे. मग धाकटा दोन फेरे देई, थांबे. तोंडं मिटलेली आणि कान रॅचेट पान्याच्या कटकटीवर.

त्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांची मुलगी शाळेत शिकवून परस्पर गॅरेजात गेली, तेव्हा काकांच्या बाकावर नवा कोरा दांडा होता. जुन्याचा आकडा झिजला म्हणून त्यांनी बाजारातून एकच, सुटा, स्वस्तातला आणला होता. आकड्याचं तोंड बंद करणारी पिनसुद्धा त्याला नव्हती. काका हात धुवायला मागे गेल्यावर बाबांनी तो उचलला आणि आट्यांवरून नख फिरवलं. मग आपल्या दांड्यावरून फिरवलं. बाबांच्या दांड्याचे आटे बारीक होते, नव्याचे जाड. जाड आटा एका फेऱ्यात जास्त सरकतो; दोन्हीकडे दोन-दोन फेरे दिले तर नवी बाजू पुढे पळणार, हे पोरालाही कळलं असतं.

"सांगा ना त्यांना," ती म्हणाली.

"युवराजांना कोण सांगणार?" बाबा दांडा जागेवर ठेवत म्हणाले. "हात पोळला की कळेल."

मग त्यांनी तिला घरी जाताना स्वयंपाकघरासाठी दिवा घ्यायला सांगितलं, आणि पिवळा नको, पांढरा घे, असंही.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते दारात उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याने पाहिलं, गाडी त्याचीच होती. स्प्रिंग एका अंगाला कलायला लागली तेव्हा बाबा 'थांब' म्हणाले नाहीत. आपली बाजू मागे पडली म्हणून ते पुढे वाकले आणि जास्तीचे फेरे देऊ लागले, जिथे डोकं कधी न्यायचं नाही अगदी तिथे डोकं नेऊन. नव्या दांड्याचा आकडा सुटला आणि स्प्रिंग उसळली.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता की धाकट्याने थोरल्याला खाल्लं. आईने त्याचं तोंड बघणार नाही म्हणून सांगितलं. काकू जिन्यातूनच ओरडून गेल्या की आमच्या माणसाने कुणाला ढकललेलं नाही. ती मधल्या खोलीत बसून ऐकत होती. नख फिरवलेलं तिने पाहिलं होतं. पण मेलेल्या बापाविरुद्ध तोंड कोण उघडणार, तेही काकांच्या बाजूने? काका पायरी चढायच्या लायकीचे नाहीत, हे ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेली. ती गप्प राहिली आणि लोकांना ते दुःख वाटलं.

पुढे टॅक्सीवाला संकोचत दारात आला. गाडीची दुसरी बाजू तशीच उघडी पडली होती, आणि गाडी उभी म्हणजे त्याची चूल थंड. आईने त्याला परत पाठवलं आणि तिला म्हणाली, जा, ह्यांची हत्यारं घेऊन ये, त्या मेल्याला खिळासुद्धा ठेवू नकोस.

ती गेली तेव्हा काका एकटे होते. शॉकअप शिकंज्यात आवळलेला होता, स्प्रिंगला दोन्ही दांडे लागलेले, एका बाजूला बाबांचा जुना, समोर काकांचा नवा.

"तो दांडा आमचा आहे," ती म्हणाली.

"काम झालं की ने."

"आत्ता द्या."

"मास्तरीणबाई, हा तुमचा वर्ग नाही." काकांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या बापाने घेतलेलं काम आहे. त्याच्या नावाला बट्टा नको म्हणून करतोय, तुमच्यावर उपकार म्हणून नाही."

"त्यांचं नाव तुम्ही घेऊ नका."

ते रॅचेटला चिकटले. जुन्या बाजूला दोन फेरे, मग वळसा घालून नव्या बाजूला दोन. आयुष्यभराची सवय, आता दोघांच्या वाटचं एकट्याने चाललेलं. काही फेऱ्यांतच स्प्रिंग नव्या बाजूला झुकू लागली. काकांनाही काहीतरी बिनसलंय हे दिसलं, पण काय ते कळेना. फेरे तर बरोबर पडत होते.

तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं या घरात सगळ्यांना येत होतं. पोलीस नाहीत, साक्षीदार नाही, शिव्याशाप नाहीत. आईचाही जीव थंड झाला असता. हा विचार तिने पुरता केला, अर्ध्यावर सोडला नाही. काका बघायला खाली वाकले. त्यांचं टक्कल स्प्रिंगच्या तोंडासमोर आलं.

"थांबा," ती म्हणाली.

ते थांबले नाहीत. भावाच्या घरातल्या माणसाचं ऐकायची त्यांच्या कानांना सवयच उरली नव्हती. तिने पट्टा ओलांडून त्यांचं मनगट धरलं.

"मागे व्हा आधी. समोर नाही, बाजूला उभे राहा. आता नवी बाजू सोडा. थोडी. अजून थोडी. आता जुनी."

काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ऐकलं. स्प्रिंग सरळ झाली, मग सैल पडली, आणि दांडे गळून पडल्यासारखे हातात आले.

"आटे वेगळे आहेत," ती म्हणाली. "एकाच फेऱ्यात हा जास्त ओढतो. हा दांडा सुटा घेतच नाहीत. जोडी आणतात, पिनवाली."

काकांनी दोन्ही दांडे एकमेकांना लावून पाहिले.

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी पाहिलं होतं. आदल्या दिवशी."

काका बाकावर बसले. चेहऱ्यावर आधी सुटका आली, आणि तिच्या पाठोपाठ ते जुनंच कडवट हसू. "म्हणजे साहेबांना ठाऊक होतं. आणि खुनी मी. तू घरात बसून ऐकत होतीस ना सगळं?"

"ऐकत होते. पुढेही ऐकलं असतं. आत्तासुद्धा तुम्ही मेला असता तर मी रडले नसते, काका, गैरसमज नको. अक्कल गहाण ठेवून लोखंड विकत आणलंत तुम्ही." तिने बाबांचा दांडा पिशवीत टाकला. तो जड होता, पिशवीचा बंद तिच्या बोटांत रुतला. दारापर्यंत जाऊन ती परत वळली, आणि आवाज निघाला तो तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"तुमच्यावरचा राग जुना आहे, त्याची सवय झालीय. मला बाबांचा राग येतो. एक शब्द बोलायचा होता, काका. स्वतःच्या भावाशी एक शब्द. त्यापेक्षा त्यांना मरण सोपं वाटलं."