अकराची दोन तिकिटं

पॅलेसची तिकिटं मीच काढली, आणि मुद्दाम वाकडी काढली. सुट्टीत गर्दी लई, म्हणून ठरल्या वेळेचं तिकीट फोनवर आधीच काढावं लागतंय. अर्ध्या अर्ध्या तासानं एकेक घोळका आत सोडत्यात. अकराची मी दोनच काढली, माझी भाची क्रांती आणि गडहिंग्लजचा राजवीर, ह्या दोघांची. आमची सगळ्यांची साडेअकराची. घरात सांगितलं, "अकराची दोनच उरलीती, मी काय करू?"

राजवीर आणि त्याची आई संयोगिताबाई कालपासनं आमच्याकडं मुक्कामाला. पोरगी पसंत पडलेली. पॅलेस बघून आलं की दुपारी सुपारी फोडायची, एवढंच राहिलेलं.

पर क्रांतीला आकडी येती. गोळ्या चालू हायत, दोन वर्षांत एकदाबी आली न्हाय, पर हाय ते हाय. आणि दादानं, म्हंजी तिच्या बानं, तोंड उघडायचं न्हाय म्हणून दम दिलेला. म्हणं हजार खोटं बोलावं, पर एक लगीन जुळवावं. अरं शाण्या, उद्या त्यांच्या सैपाकघरात पोरगी पडली की मग? माहेरी आणून टाकतील आणि फसवलं म्हणून गावभर बोंब मारतील ते येगळंच. क्रांती माझ्या गळ्यात पडून रडली. "आत्या, सुपारी फुटायच्या आत मला त्याला सांगायचंय. पर आमाला घटकाभर एकटं कुणी सोडंना." मग मी फोन घेतला.

अकराला दोघं आत गेली. दादा मागोमाग निघाला, तर दारावरच्या माणसानं हात आडवा घातला.

"पावणं, तुमचं साडेअकराचं हाय."

"अवो, आत माझी पोरगी हाय!"

"मग काय वाघ खातोय व्हय तिला? सावलीत थांबा."

दादा माझ्याजवळ आला. बायकांसमोर ओरडता येईना, म्हणून दात-ओठ खात पुटपुटला, "पूर्णे, ही तुझीच करामत. तिनं तोंड उघडलं आणि हे लगीन मोडलं, तर माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय."

"न्हाय ठेवत," मी म्हटलं. जोरात म्हटलं खरं, पर हे तिसरं स्थळ. आधीची दोन कुणाच्या तरी चहाडीनं मोडलेली. हे माझ्यामुळं मोडलं, तर पोरीला काय तोंड दाखवू?

संयोगिताबाई झाडाखाली बसलेल्या. घड्याळाकडं बघत म्हणाल्या, "आमच्याकडं सुपारीआधी पोरापोरीस्नी असं सोडत न्हाईत बरं का."

"तिकिटंच मिळंनात हो," मी म्हटलं. पर बाई लई पोचलेली, तिला गंडवणं सोपं न्हवतं.

दादा येरझारा घालाय लागला. मला तर बसवंना, उभं ऱ्हावंना. आत काय चाललं असंल? सांगितलं असंल का? का ऐन वक्ताला भ्याली असंल?

तेवढ्यात आतल्या बाजूनं राजवीर तरातरा येताना दिसला. एकटाच. तोंड लाल झालेलं. दादा माझ्याकडं असा बघाय लागला की आता खातोय का गिळतोय.

राजवीर दारातल्या कठड्याशी आला आणि भर गर्दीत वरडला, "आत्या, पाणी द्या! क्रांतीला गोळी घ्यायची हाय!"

"कसली गोळी रं?" संयोगिताबाई उठल्या.

"आकडीची. तिला आकडी येती, आई. मला तिनं आत्ता सांगितलं. आणि सकाळची गोळी घेतलीच न्हाय तिनं. पावण्यांसमोर घ्यायची न्हाय, असं घरात सांगितलंय म्हणं. काय माणसं हायत का कोण!"

आजूबाजूची चार माणसं वळून बघाय लागली. दादाची मान खाली. संयोगिताबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आटोपलं सगळं.

"विजयसिंहराव, तुमच्याशी मागनं बोलते. मला लई बोलायचं हाय."

मग पिशवीतनं पाण्याची बाटली आणि लाडवाचा डबा काढून त्या तरातरा दाराकडं गेल्या. "उपाशीपोटी गोळी घिऊ नगं म्हणावं. आधी ह्यो लाडू खा."

"मावशी, खायाचं आत चालत न्हाय," दारावरचा माणूस म्हणाला.

"मग राजवीर, पोरीला भाईर आण!" संयोगिताबाई कडाडल्या. "पॅलेस काय पळून चालला न्हाय. तो आमी लगीन झाल्यावर बघू."