फोटोवरची ओली विभूती

मी एक जुना पासपोर्ट आहे, मित्रांनो. कोपरा कापलेला, रद्द झालेला. मुक्काम उदगीर, देवघराचा खण.

धारकाचे नाव: गुरम्मा.
व्यवसाय: इतिहासाच्या बाई, निवृत्त.
प्रवासाचा उद्देश: तीस वर्षे फळ्यावर काढलेले अथेन्स एकदा डोळ्यांनी पाहणे.

आठ वर्षांपूर्वी मी टपालाने आलो. माझ्या फोटोत बाईंचे कपाळ मोकळे होते. पासपोर्ट कार्यालयाच्या रांगेतल्या घामाने विभूती पुसली गेली होती. ते त्यांचे यजमान चंद्रप्पा यांना खटकले. खंडेनवमीला आपल्या दुकानातल्या तराजूशेजारी त्यांनी मला उघडून मांडले आणि ओल्या विभूतीची तीन बोटे फोटोवर ओढली. पुढे दरवर्षी. मला केवढा मान वाटायचा! प्रवास मात्र एकही नाही.

यंदा ग्रीसची सहल ठरली. लातूरच्या सहल कंपनीच्या फारूकभाईंनी व्हिसाची फाईल लावली. बँकेचे कागद, विमा, परतीचे तिकीट.

"दोन पानं कोरी लागतेत. ह्याची तर समदीच कोरी हायेत!" ते हसले. मग त्यांनी फोटोचे पान उघडले आणि हसू थांबले. विभूतीचे पाणी कडेने आत शिरून वरचे प्लास्टिक सुटले होते.

"बाई, ह्याच्यावर व्हिसा न्हाई मिळायचा. नवा काढा. सहलीला दोनच महिने ऱ्हायलेत."

चंद्रप्पांची मान खाली गेली. "मीच केलं की हे."

"हाव, तुम्हीच," बाई म्हणाल्या. "पोरांनी वहीवर डाग पाडला की मी छडी द्यायचे. तुम्हाला काय देऊ?"

"छडी मागून द्या, बाई. आधी नवा फोटो!" फारूकभाई म्हणाले.

या वेळी फोटोला जाताना बाईंनी विभूतीची डबी सोबत नेली. माझा कोपरा कापला गेला, नवा घरी आला. निघायला चार दिवस उरले असताना त्यात व्हिसा चिकटून आला.

बाई अथेन्स पाहून आल्या. म्हणाल्या, "फळ्यावर मी तिथली देवळाची टेकडी लई बुटकी काढायचे."

काल खंडेनवमी झाली. तराजूशेजारी नवा मांडला होता, त्याच्या बाजूला खणातून काढलेला मी. चंद्रप्पांची ओली बोटे त्याच्यावर आली, थबकली. मग वळली आणि शेजारी बसलेल्या बाईंच्या कपाळावर उमटली.

मित्रांनो, तुमच्या घरचे कागद कोरडे राहू द्या. त्यांना मान द्यायला एक फूल पुरते, तेही शेजारी ठेवलेले.

बोटांवर उरलेली विभूती चंद्रप्पांनी माझ्या फोटोला लावली. मला आता कुठे जायचे आहे?