ओठ न फुटलेला शंकू

“बुडून मृत्यू. असंच लिहिलंय नांग, आणि असंच राहणार,” खिडकीमागचा कारकून म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला तिकडे नांग म्हणतात. त्याने मृत्यूंचं रजिस्टर फिरवून लारिंगपुढे धरलं, जणू याआधी पाच वेळा येऊनही तिने ते वाचलंच नव्हतं.

क्रिस्पुलो दाग्सा. वय सत्तावन्न. धंदा, पाणबुड्या. कारण, समुद्रात बुडून.

“माझा नवरा बुडाला नाही. त्याला शंकूने मारलं.”

“म्हणजे शिंपल्याने.”

“शिंपला नाही. शंख. शिकार करून खाणारा शंख. तुला काय सांगायचं? तुझा बाप जन्मभर तेच उपसत होता.”

रांगेत कोंबडा काखोटीला मारून उभा असलेला एक जण म्हणाला, “गोगलगाय मागे लागली पुलोयच्या. पळता आलं नाही बिचाऱ्याला.”

रांग हसली. कारकूनही हसला, मग लारिंगचं तोंड बघून त्याने हसू आवरलं.

“हे बघ नांग, मी का मुद्दाम करतोय? डॉक्टरचा कागद आण. नाहीतर होडीवर जो होता त्याला इथे उभा कर. पण तो तुझा दीर. आणि त्यानेच तर सांगितलं, बुडाला म्हणून. होडीवरच्या सख्ख्या भावाचं धरू का घरात बसलेल्या बायकोचं?”

लारिंगने रजिस्टर त्याच्याकडे परत ढकललं. ती बाहेर आली, तीनचाकीत बसली आणि कालुबियान या आपल्या वाडीत घरी परतली.

बोहोल बेटाच्या दक्षिणेच्या त्या किनाऱ्यावर पाणबुड्या बुडाला असं म्हणणं ही त्याला मेल्यावर दिलेली शिवी आहे. क्रिस्पुलो, म्हणजे सगळ्यांचा पुलोय, अकरा वर्षांचा असल्यापासून पाण्याखाली जात होता. तोंडात हवेची नळी धरून तो तळावर अशा सावकाशीने चालायचा, की वाटावं माणूस आपल्या परसात भाजी खुडतोय. चौदा महिन्यांपूर्वी तो असाच गेला. वर होडीत हवेचा पंप सांभाळायला त्याचा धाकटा भाऊ इस्कोय होता. दुपारी होडी किनाऱ्याला लागली तेव्हा पुलोय फळीवर आडवा होता. अंगावर ओरखडा नाही. लारिंगने त्याच्या शर्टाची बटणं काढली. बेंबीच्या वर मुंगी चावल्याएवढा एक ठिपका होता, आणि शर्टाच्या घडीत तळहाताएवढा नकाशा शंकू, कवचावरच्या नकाशासारख्या नक्षीवरून ज्याला हे नाव पडलं तो. जिवंत.

इस्कोय तेव्हा वाळूत बसून रडत होता. “वर आला तेव्हा नीट होता,” तो म्हणाला. “म्हणाला, जीभ बधिर झाली. मला वाटलं थट्टा करतोय. मग पापण्या मिटायला लागल्या. मग नुसतं बघत राहिला माझ्याकडे, आणि छाती हलेना.”

हे त्याने दुपारी सांगितलं. संध्याकाळी शंखांचा व्यापारी त्याच्याकडे येऊन गेला. शंखाने माणूस मेला अशी नोंद झाली तर सरकार बुडी मारणंच बंद करेल आणि साऱ्या वाडीच्या चुली विझतील, असं त्याने समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्कोय ऑफिसात जाऊन सांगून आला, भाऊ बुडाला. वाडीतल्या एकूण एक माणसाला खरं माहीत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. मातीला सगळे आले, भात आणि डुकराचं मटण जेवले, नऊ दिवस जपमाळेला बसले. देवासमोर गुडघे टेकून खोटं पचवायला वाडीला काहीच जड गेलं नाही.

घरी डॉक्टर लिगाया तिची वाट बघत होती. ही औषधाची डॉक्टर नव्हे. मनिलाहून दर वर्षी येणारी, शंकूंच्या कुळाचा अभ्यास करणारी बाई. पडवीतल्या लांब टेबलाशी ती भिंग लावून बसली होती आणि पुढ्यात लारिंगने निवडून ठेवलेल्या शंखांची ताटं होती.

“काय म्हणाले?” तिने विचारलं.

“बुडाला म्हणाले.” लारिंगने चपला काढल्या, हात धुतले आणि समोर बसली. “हे ताट झालं तुझं? यातले दोन या जातीचे नाहीत. बाजूला काढ.”

“कशावरून? रंग तोच आहे.”

“रंगावर काय जातेस? दोन महिने घंगाळात ठेवले होते मी. बाकीचे किडे खातात. हे दोघं किड्यांकडे बघतसुद्धा नाहीत. दुसरा शंख टाकला की सोंड बाहेर.”

डॉक्टरने ते दोन बाजूला काढले. वाद घातला नाही. दहा वर्षांत ती एवढं शिकली होती.

लारिंग, कागदोपत्री हिलारिया, सातवीपर्यंत शाळेत गेली होती. पण तीस वर्षं तिच्या पडवीत तीन घंगाळं होती: किडेखाऊ, शंखखाऊ, मासेखाऊ. शंकूला दात असतो तो भाल्यासारखा, आतून पोकळ, विषाने भरलेला. एका शिकारीला एक दात. तो गेला की पोटातल्या भात्यातून दुसरा सोंडेच्या टोकाशी येतो. किड्यासाठीचा दात वेगळा, माशासाठीचा वेगळा. आणि मासेखाऊंत सगळ्यात वाईट तो नकाशा. तो घाई करत नाही. पाण्यात काहीतरी सोडतो, मासे गुंगतात, मग तो तोंड पिशवीसारखं पसरतो आणि झोपलेल्या माशांना आत घेतो. दात मारतो तो नंतर, पिशवीच्या आत. लारिंगने हे कितीदा पाहिलं होतं, आणि दर वेळी तिला पुढचं बघवायचं नाही.

माणसाला तो खात नाही. माणूस त्याला नुसता भिववतो, आणि भ्याला की तो दात मारतो.

“आता या वर्षी काय नावं घालायची?” तिने डॉक्टरला विचारलं. “जुनी का नवी?”

डॉक्टर ओशाळली. “जुनीच.”

“परत जुनी.”

मोठ्या लोकांनी आधी शंकूंचं एकच घराणं मानलं होतं. मग दात बघून त्याची शंभरावर घराणी केली. लारिंगने शंखांसोबत ठेवायच्या हजारो चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. मग कोणी मांसातल्या कसल्या धाग्यांवरून ठरवलं की तसं नव्हे, चारपाचच घराणी. तिने पुन्हा चिठ्ठ्या लिहिल्या. तिला राग त्याचा नव्हता. चुकलं तर दुरुस्त करावं, यात वाईट काय? पण एका गोगलगाईचं नाव पंधरा वर्षांत दोनदा दुरुस्त होतं, त्यासाठी जगभरची शहाणी माणसं सभा भरवतात, आणि तिच्या नवऱ्याच्या नावापुढचा एक शब्द बदलायला खिडकीमागचं एक माणूस खुर्चीवरून उठत नाही.

ती उठली, आत गेली आणि कपाटातून एक पुडी आणि एक बरणी घेऊन आली. पुडीत कापसात गुंडाळलेला नकाशा शंकू होता, बरणीत रममध्ये बुडवलेलं, त्या शंखातून काढलेलं गोगलगाईचं शरीर. चौदा महिने तिने ते कोणाला दाखवलं नव्हतं.

डॉक्टरने शंख उचलला. उजेडात फिरवला. नकाशाचं कवच पातळ असतं आणि त्याची कड, जिला या धंद्यात ओठ म्हणतात, बोटाच्या नखानेही फुटते; फुटली की शंखाला किंमत उरत नाही. याचा ओठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड होता.

“हा तोच?” डॉक्टरने हळू विचारलं.

“तोच. घेऊन जा. तुझ्या संग्रहात ठेव. पण चिठ्ठी मी लिहीन, आणि लिहीन तीच राहील.”

“चिठ्ठीत ठरलेल्या गोष्टी असतात नांग. जात, जागा, खोली, तळ कसा, कोणी गोळा केला, कधी.”

“ठाऊक आहे मला. तुझ्याआधीपासून लिहितेय मी.” ती थोडं थांबली. “पुढे जाऊन कोणी फेकून तर देणार नाही ना? नावं बदलली की?”

“नाही. नाव बदललं तर नवी चिठ्ठी जुनीखाली ठेवतात. जुनी कोणी काढत नाही. आमच्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच्या आहेत. चुकीच्यासुद्धा.”

“मग झालं तर. जागा आणि खोली मात्र मला माहीत नाही. ती त्यालाच विचारायला हवी.”

इस्कोय शेजारच्या आवारात माडाखाली होडीचं वल्हं तासत होता. लारिंगने कुंपणावरून हाक मारली. तो आला, पण पडवीच्या पायरीशीच उभा राहिला. टेबलावरचा शंख दिसताच त्याचा चेहरा पडला.

“तू ठेवलास तो? मी म्हटलं होतं ठेचून टाक.”

“कुठे होता, इस्कोय? किती खोल?”

“परत तेच? किती वेळा सांगू, मी ऑफिसात येणार नाही. माझ्या घरात पाच तोंडं आहेत.”

“ऑफिसात ये म्हटलं का मी? फक्त जागा सांग.”

“कशाला? तो येणार आहे परत? बुडाला म्हटल्याने त्याचं काय बिघडलं? मेल्याला लाज असते का?”

“मला आहे.”

“तुला?” इस्कोय एक पायरी चढून वर आला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “बोलायला लावू नको नांग. मी खोटं सांगितलं, माझं पाप माझ्यापाशी. पण तो शंख शर्टात का घालत होता ते? जाळीत टाकायची रीत होती आपली. बापाच्या वेळेपासून. सगळे जाळीतच टाकतात. त्यानेच का शर्टात घालावा?”

लारिंगने टेबलाची कड धरली.

ते तिला रोज आठवायचं, पण दुसऱ्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होती. त्या आठवड्यात पुलोयने आणलेले अकरा नकाशे तिने परत त्याच्या अंगावर ढकलले होते. जाळीत एकमेकांवर आपटून सगळ्यांचे ओठ फुटलेले. ती म्हणाली होती, असली खापरं आणायची तर घरीच बस. अंगाशी धरून आण, पण मला ओठ अखंड पाहिजे. आणि पुलोय, ज्याने तीस वर्षांत तिच्या नजरेवर कधी शंका घेतली नाही, त्याने अंगाशी धरून आणला. मासेखाऊ घंगाळ हिचं. कुठला शंकू काय करतो ते बेटावर हिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. आणि हिने त्याला हे सांगितलं होतं.

“खरं आहे,” ती म्हणाली.

इस्कोयला वाटलं होतं ती भांडेल. तो गोंधळला आणि तिथेच पायरीवर बसला, पाठ करून.

लारिंगने जाड कागदाचा एक तुकडा कापून घेतला आणि पेन काढलं. ठरलेल्या चिठ्ठीपेक्षा तो मोठा होता. लारिंगचं अक्षर बारीक आणि सरळ होतं, शंखांच्या चिठ्ठ्यांनीच घडवलेलं. ती थांबत थांबत लिहीत होती; जागा आणि खोली तिने अंदाजाने भरली. मध्ये एकदा तिने चष्मा काढून पुसला. लिहून झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचलं, डॉक्टरसाठी, का पायरीवरच्या पाठीसाठी, कोणास ठाऊक.

“नकाशा शंकू. मासेखाऊ. कालुबियानच्या बाहेरचं प्रवाळ, खोली अंदाजे आठ वाव. गोळा करणारा, क्रिस्पुलो दाग्सा. त्याच्या अंगावरच्या शर्टात जिवंत सापडला. ओठ फुटू नये म्हणून त्याने तो शर्टात ठेवला होता. तसं त्याला मी सांगितलं होतं. याच्या दाताने तो मेला. तो बुडाला नाही. लिहिणारी, त्याची बायको हिलारिया.”

कुठेतरी कोणाच्या तरी रेडिओवर पत्त्यांच्या डावाची जाहिरात चालली होती. डॉक्टरने कापूस नीट केला, शंख डबीत ठेवला.

“आठ नाही,” इस्कोय म्हणाला. तो वळला नव्हता.

“काय?”

“नऊ वाव. प्रवाळाची भिंत ढासळलीय ना, तिच्या मागे, वाळू सुरू होते तिथे. मी दोर दोन्ही हात पसरून, वावावर वाव मोजला होता. नऊवर होता तो.” त्याने नाक ओढलं. “अंदाजे लिहू नको. अंदाजे नव्हतं.”

लारिंगने ‘अंदाजे आठ’वर रेघ ओढली आणि वर नऊ लिहिलं. ढासळलेली भिंत लिहिली, वाळू लिहिली. मग तिने खाली लिहिलं, सांगणारा, आणि पुढे काही लिहिलं नाही. पेन टेबलाच्या कडेला ठेवलं.

इस्कोय उठून आला. त्याला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. वल्हं तासून हाताला भुसा लागला होता, तो त्याने चड्डीला पुसला, आणि कागदावर वाकून एकेक अक्षर दाबत त्याने सही केली. कागदाच्या कडेला गेली ती थोडी.

शाई वाळेपर्यंत तिघं तिथेच बसली.